घरातील हळद: तिचा योग्य उपयोग
(पाठासाठी शास्त्रभाग: यशया २८:२३–२९, १ करिंथ १०:२३–३१)

गेल्या जून महिन्यात आटगावच्या पलीकडे, तानसा तलावाच्या अंगास असलेल्या एका पाड्यावर आम्ही प्रार्थनासभेसाठी गेलो होतो. पहिला पाऊस नुकताच पडून गेला होता. सभा आटोपल्यावर ज्या घरी जेवणाचे बोलावणे होते तेथे रानातली शेवळे काकडाची फळे घालून शिजविली होती, भात होता आणि वरण होते. भाजी उत्तम झाली होती. परंतु वरण अगदी पांढरे, आणि भाजीलाही रंग असा नव्हता. मीठमिरचीवाचून त्यात काही घातलेले दिसेना. आम्ही सहज विचारले, तेव्हा घरची वडील बाई संकोचाने म्हणाली, "दादा, बाप्तिस्मा घेतल्यापासून आम्ही हळद सोडली. भगत जी पिवळी पूड उधळायचा, तीच आता चुलीवर कशाला?"

तिच्या ह्या उत्तराने आम्ही निरुत्तर झालो. ज्या माणसाने देवासाठी काही सोडले आहे, त्याला ते सोडणे व्यर्थ होते असे एकदम सांगणे आम्हांस कठीण वाटते. परंतु थोड्याच वेळात दुसरी गोष्ट नजरेस आली. तिचा दहा-बारा वर्षांचा नातू ओटीवर पाय लांब करून बसला होता. लाकडे फोडताना कुऱ्हाड निसटून त्याच्या नडगीला दोन दिवसांपूर्वी घाव झाला होता, आणि त्या घावात हळदीची पूड दाबून भरली होती. पुडीची खपली धरली होती, आणि कडेने पाय सुजून लाल झाला होता. म्हणजे जेथे हळद निर्दोष आहे त्या भांड्यातून तिला घालविले होते, आणि जेथे तिच्यावर विसंबून राहणे धोक्याचे आहे तेथे मात्र ती ठेविली होती. मुलास त्याच दुपारी शहापुरास नेले. जखम धुऊन साफ केली, धनुर्वाताची सुई दिली, आणि प्रभूच्या दयेने तो आता चालतो-फिरतो. त्या दिवसापासून ह्या विषयावर एक पाठ लिहावा असे आमच्या मनात होते. प्रचारक बंधूंनी तो घरोघरच्या सभांत, विशेषेकरून बायकांच्या सभेत, वाचून दाखवावा.

प्रथम मनाच्या अडचणीचा विचार करू. हळद ही देवाने केलेली एक वनस्पती आहे. आले व वेलदोडा ज्या कुळातले, त्याच कुळातली ती आहे, आणि जमिनीखालचा तिचा कंद आपण वापरतो. जेजुरीस तिचा भंडारा उधळतात, सुवासिनी हळदीकुंकू करतात, भगत तिने अंगारा मंतरतो, हे सर्व खरे. परंतु तांदळाच्या अक्षता होतात म्हणून आपण भात सोडला नाही, आणि नारळ देवापुढे फुटतो म्हणून कोणी ख्रिस्ती कोकणात नारळ खाण्याचे टाकले असे आम्ही ऐकिले नाही. करिंथ येथील मंडळीला पौलाने ह्याच प्रश्नाचे उत्तर दिले आहे. बाजारात जे विकते ते, विवेकबुद्धीसाठी चौकशी न करता, खावे. कारण पृथ्वी व तिच्यातील सर्व काही प्रभूचे आहे. मात्र हे अर्पिलेले आहे असे कोणी मुद्दाम सांगितले, तर त्या सांगणाऱ्याच्या मनासाठी खाऊ नये. बाजारातून आणिलेल्या अगर परसात पिकविलेल्या हळदीला ही दुसरी अट लागत नाही. भगताने मंतरून दिलेल्या पुडीला लागते. ती घेऊ नये. दोहोंतला भेद पुडीत नाही, देण्याघेण्यात आहे.

लग्नातील हळदीविषयी आम्हांस नेहमी विचारतात. काही मंडळ्यांत नवरानवरीस हळद लावितात, काहींत लावीत नाहीत. आमचे मत असे की, जेथे ती केवळ अंगास लावण्याची उटी आहे व आनंदाची रीत आहे, तेथे तिच्यावरून भांडण माजवू नये. आणि जेथे तिच्याबरोबर देवक, नवस व दृष्ट काढणे येते, तेथे ती बंद ठेवणेच बरे. ह्याचा निर्णय त्या त्या मंडळीच्या पंचांनी करावा.

पवित्र शास्त्रात हळदीचे नाव आहे काय, असेही एका प्रचारकाने विचारले होते. गीतरत्नाच्या ४ थ्या अध्यायात सुगंधी द्रव्यांच्या यादीत 'कर्कोम' असा इब्री शब्द येतो. बहुतेक विद्वान त्याचा अर्थ केशर असा करितात, व आपल्या मराठी शास्त्रातही केशर असेच आहे. ती हळद असावी असे म्हणणारे थोडे आहेत. त्यावर शिकवण उभारू नये. केशर व हळद ह्यांची गल्लत मात्र जुनी आहे. गार्सिया द ओर्ता नावाच्या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात औषधी वनस्पतींवर एक ग्रंथ छापला, त्यात तो हळदीला देशी केशर ह्या अर्थाच्या नावानेच ओळखतो. ह्याच गृहस्थाकडे मुंबई बेटाचा मक्ता होता.

यशयाच्या २८ व्या अध्यायातील वचने आम्हांस ह्या पाठासाठी अधिक उपयोगी वाटतात. तेथे शेतकरी जिरे पेरितो, आणि ते झोडताना गाड्याचे चाक फिरवीत नाही, काठीने झोडितो. कारण जिरे गव्हासारखे नव्हे. ज्या वस्तूला जे काम व जी रीत योग्य, ती तिला लावण्याची ही समज देवापासून आहे, असे संदेष्टा म्हणतो. हळदीविषयीही हेच पाहू: तिची रीत कोणती, आणि ती कोठे चालत नाही.

हळदीचा पिवळा रंग ज्या द्रव्यामुळे येतो त्यास कर्क्युमिन म्हणतात. वाळलेल्या हळदीत ते शेकडा २ ते ५ भाग असते. ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलातुपात विरघळते. आपल्या आजीने हळद फोडणीत घालण्याची जी रीत ठेविली, तिचा अर्थ ह्यावरून कळतो. चूक होते ती अशी की, तेल धुरावल्यावर हळद टाकितात. ती क्षणात करपते, काळी पडते व कडवट लागते. तेल तापून मोहरी तडतडली, जिरे, लसूण व कढीपत्ता पडला, म्हणजे भांडे चुलीवरून उतरावे, मग हळद घालावी, एकदा हलवावे आणि लागलीच त्यावर डाळ अगर भाजी ओतावी. ज्या घरी फोडणीपुरतेही तेल रोज नसते, तेथे डाळ शिजत असतानाच हळद व अर्धा चमचा तेल तिच्यात सोडावे. पाच माणसांच्या डाळीस पाव चमच्याहून थोडी अधिक हळद पुष्कळ झाली. अधिक घातल्याने गुण वाढत नाही, वरण मात्र कडू होते.

बरोबर दोन-तीन मिऱ्यांची पूड घालण्याची सवय ठेविल्यास बरे. १९९८ साली बंगळूर येथील सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातील संशोधकांनी असे दाखविले की, कर्क्युमिन नुसते घेतले असता शरीरात फारच थोडे शोषले जाते, परंतु मिऱ्यातील तिखट द्रव्य त्यासोबत दिल्यास शोषण वीसपट वाढते. ही गोष्ट आता सर्वत्र सांगतात. तिच्यातला पुढला भाग कोणी सांगत नाही. त्या प्रयोगात माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिन दिले होते. तेवढे मिळविण्यास शेकडा तीनच्या हिशेबाने सुमारे ६५ ग्रॅम हळद एका वेळी खावी लागेल! तेव्हा मिरे घालावे ते चवीसाठी व थोड्याशा लाभासाठी. चमत्काराच्या आशेने नव्हे.

आमच्या भागात हळद कोठे कोठे जावी? तुरीच्या व वालाच्या डाळीत तर ती आहेच. मासळी साफ केल्यावर तिला मीठ व हळद चोळून घटकाभर ठेवावी. वास कमी होतो व चव मुरते. सुकट भाजताना शेवटी चिमूटभर घालावी. पावसाळ्यातील टाकळा, कुर्डू व शेवळे ह्या भाज्यांत ती चांगली लागते. मात्र शेवळ्याची खाज हळदीने जात नाही, त्याला काकडच पाहिजे व नीट शिजविणे पाहिजे. नागलीच्या पेजेत मीठ, ताक व किंचित हळद घालून आजाऱ्यास दिल्यास तोंडाला रुची येते. हळदीचे पान हीदेखील मोठी देणगी आहे: तांदळाचे पीठ भिजवून, गूळ असल्यास घालून, त्या पानात दुमडून तव्यावर भाजलेली पानगी मुले आवडीने खातात, आणि तिला एक पैसा पडत नाही. दुधात हळद घालून प्यावी असे शहरातील लोक सांगतात. ज्या पाड्यावर तान्ह्या मुलालाही दूध मिळण्याची मारामार, तेथे हा उपदेश करताना आमची जीभ अडखळते. तेथे डाळीतच घालावी.

एवढे सांगितल्यावर हेही सांगितले पाहिजे की, हळद हे अन्न नव्हे. शहापूर व मुरबाड तालुक्यांतील ठाकूर, कातकरी, वारली व महादेव कोळी वस्त्यांतून कित्येक मुले वजनाने कमी व कित्येक गरोदर बाया रक्ताने फिक्या असतात. त्यांना डाळ, पालेभाजी, अंडे, मासळी व पोटभर भात पाहिजे. हळद ते अन्न रुचकर करील, त्याची जागा घेणार नाही. गरोदर व स्तनदा आदिवासी मातांसाठी अंगणवाडीत एक वेळचे गरम जेवण देण्याची अमृत आहार योजना राज्य सरकारने २०१५ साली सुरू केली. ज्या बायांना लाजेमुळे तेथे जाववत नाही, त्यांच्याबरोबर आमच्या बायबलबाईंनी पहिल्या दिवशी जाऊन बसावे.

आता औषधाविषयी. हळदीची कीर्ती मोठी आहे, आणि ती अगदीच पोकळ नाही. १९९५ साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला, जखम भरून येण्यासाठी हळद वापरण्याच्या रीतीवर पेटंट मिळाले होते. आपल्या देशाच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असताना, त्यास हरकत घेतली व जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून दाखविले की ही गोष्ट आमच्या घरोघरी पूर्वीपासून ठाऊक आहे. १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. ह्याचा अभिमान वाटणे साहजिक आहे. परंतु त्या निकालाचा अर्थ नीट समजून घ्यावा. ही रीत नवी नाही, एवढेच तेथे ठरले. हळदीने प्रत्येक जखम बरी होते असे काही तेथे ठरले नाही. कर्क्युमिनवर सहस्रावधी लेख झाले, तरी २०१७ साली औषधी रसायनशास्त्राच्या एका मान्यवर नियतकालिकात ह्या सर्वांचा आढावा घेणाऱ्या शास्त्रज्ञांनी म्हटले की, खरे औषध व खोटे औषध गुप्तपणे वाटून केलेल्या कडक कसोटीत ते कोणत्याही रोगावर उतरलेले नाही. उलट हळदीच्या अर्काच्या जबर गोळ्या घेतल्याने काही लोकांच्या यकृतास इजा झाल्याची उदाहरणे अमेरिकेत व इतरत्र नोंदली गेली आहेत. डाळीतल्या हळदीने असे होत नाही. म्हणून जत्रेत, रेल्वेगाडीत अगर दूरध्वनीवरील जाहिरातीत कोणी महागड्या पुड्या विकू लागला, तर त्या पैशाची तूरडाळ आणावी.

जखमेविषयी आमच्या बंधुभगिनींनी चांगल्या शोमरोन्याचा दाखला पुन्हा वाचावा. त्याने घायाळाच्या जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, म्हणजे घरगुती उपाय केला. पण तो तेवढ्यावर थांबला नाही. त्याने त्यास आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, रात्रभर संभाळले व पुढील खर्चही पत्करिला. भाजी चिरताना बोटाला जरासे कापले, तर स्वच्छ पाण्याने धुऊन फडके बांधावे. परंतु कोयता, कुऱ्हाड, गंजका खिळा, कुत्र्याचा चावा, ह्यांवर हळद भरून घरी बसू नये. वाहत्या पाण्याने व साबणाने धुवावे आणि त्याच दिवशी आरोग्यकेंद्र गाठावे. सापाच्या दंशावर तर हळद, मंत्र व जडीबुटी ह्यांपैकी कशातही एक घटका घालवू नये. दंश झालेला हात अगर पाय हलू न देता रुग्णालयात न्यावे. नुकत्याच जन्मलेल्या बालकाच्या नाळेवर हळद, राख, तेल काहीही लावू नये. ती स्वच्छ व कोरडी ठेविली म्हणजे आपोआप गळते. बाळाच्या सर्वांगास हळद माखली तर आणखी एक घोटाळा होतो: बाळाला कावीळ होऊ लागली तरी ती डोळ्यांस कळत नाही.

काविळीवरून आठवले. कावीळ झालेल्या माणसाला हळद वर्ज्य, असा आमच्या खेड्यांत पक्का समज आहे, कारण दोन्ही पिवळी! त्या रोगात अंग पिवळे होते ते पित्तातील रंगद्रव्य रक्तात साचल्याने. वरणातील हळदीचा त्याच्याशी काही संबंध नाही. अशा आजाऱ्यास आठ-आठ दिवस बेचव पेजेवर ठेवून अशक्त करितात, आणि वर कोणी डोळ्यांत रस घालितो, कोणी हातावर डागतो. हे पाप नसेल, पण अज्ञान खचित आहे. वैद्यास दाखवावे, पाणी उकळून प्यावे, आणि सोसेल ते साधे अन्न खाऊ द्यावे.

दुसरा धोका बाजाराचा आहे, आणि तो आमच्या वाचकांपैकी पुष्कळांस ठाऊक नसेल. हळद अधिक पिवळी दिसावी म्हणून काही व्यापारी तिला रंग चोपडितात. त्यांतला शिसेयुक्त पिवळा रंग, ज्यास लेड क्रोमेट म्हणतात, तो विषारी आहे; शिसे लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटविते, आणि गेलेली बुद्धी परत येत नाही. बांगलादेशात ह्याचा मोठा शोध लागला. तेथील बाजारातून २०१९ साली घेतलेल्या हळदीच्या नमुन्यांपैकी शेकडा ४७ नमुन्यांत शिसे आढळले. सरकारने लोकांस सावध केले, व्यापाऱ्यांना दंड केले, आणि २०२१ सालापर्यंत ते प्रमाण शून्यावर आले. ज्या देशास आपण गरीब म्हणतो त्याने दोन वर्षांत हे केले, ह्याचे आम्हांस कौतुक वाटते. पुढे आपल्या देशातही, विशेषतः पाटण्याच्या बाजारात, असा दोष आढळला आहे. म्हणून सुटी, भडक पिवळी पूड घेऊ नये. चकचकीत घासलेल्या हळकुंडांपेक्षा मळकट दिसणारी, न घासलेली हळकुंडे घ्यावी, धुऊन वाळवावी व घरीच कुटावी अगर दळून आणावी. पेल्यातील पाण्यात चमचाभर पूड सोडून पाहावी: चांगली हळद बहुतेक तळाशी बसते व पाणी फिकट पिवळे होते; पाणी गडद पिवळे झाले तर संशय धरावा. ही ढोबळ परीक्षा आहे, तिने सर्व भेसळ कळत नाही.

सर्वांत खात्रीची हळद ती जी आपण स्वतः लाविली. ह्यासाठी सांगलीसारखी काळी जमीन पाहिजे असे नाही. सांगलीची गोष्ट निराळी: तेथे हळदीची मोठी पेठ आहे, जवळच्या हरिपुरास जमिनीखालच्या पेवांत हळद साठविण्याची जुनी रीत होती, आणि २०१८ साली तेथील हळदीस भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्याला विकायची नाही, घरापुरती करायची आहे. मेच्या अखेरीस अगर पहिल्या पावसाबरोबर, आंब्याच्या अर्धवट सावलीत, उताराच्या जागी गादीवाफा करावा; वीतभर उंच. आपल्याकडचा पाऊस मोठा, सपाट जागी पाणी तुंबले की कंद कुजतो. चांगले शेणखत घालून, डोळे असलेले गड्डे हातभर अंतराने चार बोटे खोल लावावे व वर पालापाचोळा पसरावा. दहा हात लांब व तीन हात रुंद वाफ्यात एका कुटुंबाची वर्षाची हळद होते.

खरी अडचण दिवाळीनंतर येते. पाऊस थांबतो, आणि पीक तर जानेवारीपर्यंत उभे राहावयाचे असते. तानसाचे धरण १८९२ साली पुरे झाले तेव्हापासून हे पाणी मुंबईची तहान भागविते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत बाया डोक्यावर हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. ह्याबद्दल आम्ही पूर्वीही लिहिले आहे व पुढेही लिहू. तूर्त इतकेच, की तांदूळ व भाजी धुतलेले पाणी फेकू नये. ते रोज त्या वाफ्यात गेले तर छोटासा वाफा निभावतो. साबणाचे पाणी घालू नये.

पाने पिवळी पडून वाळली म्हणजे कंद खणावे. जेठे गड्डे वेगळे काढावे, हळकुंडे मोडून माती धुवावी आणि पाण्यात पाऊण ते एक तास, काडी सहज आत शिरेपर्यंत, उकडावी. मग चटईवर दहा-पंधरा दिवस कडक उन्हात वाळवावी. मोडताना कटकन आवाज झाला म्हणजे वाळली. पाच शेर ओल्या हळदीची सुमारे एक शेर वाळलेली होते, हे आधीच लक्षात ठेवावे, म्हणजे निराशा होत नाही. थोडी ओली हळद किसून मीठ व लिंबू घालून लोणचे करावे.

जेठे गड्डे खाऊ नयेत, ते पुढल्या वर्षाचे बेणे. घरात थंड जागी, वाळू व सुका पाला ह्यांत झाकून ठेवावे, आणि महिन्यातून एकदा उलटून कुजके असतील ते काढून टाकावे. आटगावच्या त्या बाईने पंचांना विचारून आमच्याकडे बेणे मागितले आहे. आमच्या परसातील दोन पायल्या तिच्यासाठी बाजूस ठेविल्या आहेत. मे महिन्यातील फेरीस नेऊ. त्या बाजूच्या आणखी कोणास हवे असल्यास त्यांनी आपल्या प्रचारकाजवळ नाव द्यावे.